कावीळ दिसण्याआधी: लातूर-मुरुड परिसर आणि विषाणूजन्य यकृतदाह

विषाणूजन्य यकृतदाह म्हणजे विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज. ती आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. पाचही यकृतातच मुक्काम करतात, पण शरीरात शिरण्याच्या त्यांच्या वाटा दोन आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. बी, सी आणि डी रक्तातून पसरतात: न उकळलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून. डी विषाणू एकटा काही करू शकत नाही. बी सोबत असेल तरच तो वाढतो. रक्तातले बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य यकृताला बाहेर टाकता आले नाही की डोळे आणि लघवी पिवळी होते, आणि लोक म्हणतात, कावीळ झाली.

सगळी गफलत या पिवळेपणाभोवती आहे. ए आणि ई यांची कावीळ उघड दिसते, घरदार घाबरते, आणि बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. बी आणि सी शरीरात वीस-तीस वर्षे राहतात, पण बहुधा डोळ्यांत पिवळी छटाही आणत नाहीत. माणूस शेतात राबतो, बाजार करतो, पोरांची लग्ने लावतो, आणि आत यकृत हळूहळू निबर होत जाते. पोटात पाणी साचून किंवा रक्ताची उलटी होऊन तो दवाखान्यात येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात या आजारांनी सुमारे १३ लाख माणसे दगावली. त्यांत बी आणि सी यांचाच वाटा होता. भारतात त्याच वर्षी बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे सुमारे ५५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज याच अहवालात आहे. यांतल्या बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाच नाही. त्यामुळे गावाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. दिसणारी कावीळ पाण्यात अडवायची, आणि न दिसणारी शोधून काढायची. पहिले काम गावाला समजते. दुसरे समजावून सांगावे लागते.

मुरुड हे लातूर तालुक्यातले, लातूर-बार्शी रस्त्यावरचे मोठे बाजाराचे गाव. वस्ती आणि उलाढाल छोट्या शहराची, कारभार मात्र बराच काळ ग्रामपंचायतीचा. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजाराला, शाळेला आणि ग्रामीण रुग्णालयात इथेच येतात. मांजरेला मिळणारी तावरजा नदी मुरुडजवळ उगम पावते, पण उगमाजवळच्या गावाला पाणी मुबलक असते असे नाही. हा भाग पर्जन्यछायेतला. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, ती गाडी मुरुड स्थानकावरूनच पुढे गेली. टंचाईच्या बातम्यांत तहानेचा विचार होतो, काविळीचा फारसा होत नाही. वास्तविक दोन्हींचा संबंध अगदी जवळचा आहे.

पाणी सतत आणि पुऱ्या दाबाने येत असेल तर नळवाहिनी आतून भरलेली राहते. फट असली तरी पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा सुटत असेल तर मधल्या काळात वाहिनी रिकामी असते. तिच्याशेजारून गटार वाहत असेल तर फटीतून गटाराचे पाणी आत झिरपते आणि पुढच्या पाळीला पहिल्या घागरीबरोबर घरात येते. त्यात भर घरोघरच्या उपायांची. दाब कमी म्हणून अंगणात खड्डा खणून नळ खाली उतरवलेला असतो. त्या खड्ड्यात सांडपाणी साचते आणि तोटी त्यात बुडते. कुणी नळाला थेट मोटार लावतो. मोटार पाण्याबरोबर वाहिनीच्या फटीतली घाणही ओढते, आणि ती ओढलेली घाण शेजारच्या घरी जाते. आठवड्याचे पाणी साठवायचे म्हणून हौद, ड्रम, प्लास्टिकच्या टाक्या भरल्या जातात. हात बुडवून तांब्याने पाणी काढले जाते. लांब दांड्याचे ओगराळे किंवा खाली तोटी असलेले पिंप एवढ्यानेही घरातला धोका पुष्कळ कमी होतो, आणि त्याला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

पाण्यातल्या काविळीची भारतातली मोठी साथ दिल्लीत आली, डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात. पुरानंतर नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या पाणी उपसा केंद्रापर्यंत उलटे पोचले, आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ए विषाणूचीच असणार असे तेव्हा धरून चालले होते. पुढे त्या साथीतले रक्ताचे जपून ठेवलेले नमुने, अहमदाबादचे १९७५-७६ चे आणि पुण्याचे १९७८-७९ चे नमुने तपासले गेले. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी सहभागी होते. १९८० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की हा विषाणू ए नाही आणि बीही नाही. काश्मीर खोऱ्यातल्या १९७८ च्या साथीचा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी केलेला अभ्यासही त्याच दिशेने गेला. या वेगळ्या विषाणूला पुढे ई हे नाव मिळाले. एका अर्थी भारताच्या गटारांनीच हा विषाणू जगाला दाखवून दिला. महाराष्ट्राला त्याची ठळक आठवण २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीने करून दिली. पंचगंगेचे प्रदूषण आणि जुन्या, गळक्या वाहिन्या एकत्र आल्या. यंत्रमागाच्या या गावात हजारो लोकांना कावीळ झाली आणि त्यांतले काही दगावले. शिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणीही २०१५-१६ मध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या खालच्या बाजूच्या अश्वनी खड्डच्या पाण्याने हेच घडवले.

ई विषाणूचा सगळ्यात क्रूर भाग गरोदरपणात दिसतो. इतरांत या आजाराने दगावण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतीत ते शेकडा वीसच्या घरात जाते; यकृत झपाट्याने निकामी होते, रक्त गोठत नाही, बाळही अनेकदा हाती लागत नाही. म्हणून काविळीची पहिली बातमी येताच गावातल्या गर्भवतींची यादी हातात घेणे हे पहिले काम ठरते. ही यादी आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, वहीत आधीच असते. त्या घरांतले पिण्याचे पाणी उकळून घेतले जाते आहे का, कुणाला मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गर्द लघवी असे काही आहे का, हे घरोघरी जाऊन विचारले जाते. पाणी खळखळून उकळले की ए आणि ई दोन्ही मरतात. शंका असलेल्या गर्भवतीला गावात ठेवून बघण्यात अर्थ नसतो. मुरुडहून लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका त्याच दिवशी बोलवावी लागते.

पाण्याची रोजची राखण करणारा माणूस म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्याचे काम कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते नीट झाले तर काहीच घडत नाही. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, तो बादलीत थोड्या पाण्यात कालवतो, वर आणखी पाणी घालून ढवळतो आणि चुना तळाशी बसू देतो. वरची निवळी तेवढी जलकुंभात सोडायची असते. हजार लिटर स्वच्छ पाण्याला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ते पाच ग्रॅम लागते. पन्नास हजार लिटरच्या जलकुंभाला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून ते निवळून घ्यावे लागते. पावडरीचे पोते उघडे राहिले किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवले तर क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. पुष्कळ गावांत नोंदवहीत पावडर रोज पडते आणि पाण्यात क्लोरीन नसतो, त्याचे कारण बऱ्याचदा हे उघडे पोते असते.

खरे-खोटे ठरवते ती ओटी चाचणी. काचेच्या छोट्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत रंग पाहायचा. पाणी पिवळे झाले तर त्यात मोकळा क्लोरीन शिल्लक आहे. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. पाणी तसेच राहिले तर ते पिण्यालायक धरता येत नाही. क्लोरीन मिसळल्यावर त्याला निदान अर्धा ते एक तास वेळ द्यावा लागतो. टाकीशी लिटरला अर्धा मिलिग्रॅम आणि शेवटच्या घरी ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. चाचणी टाकीखालच्या पहिल्या नळाला घेतली तर ती जवळजवळ नेहमीच चांगली येते. ती वाहिनीच्या टोकाला, शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी घेतली पाहिजे, आणि टँकर आला तर टँकरच्या पाण्याचीही घेतली पाहिजे. महाराष्ट्रात गावांच्या पाणीस्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हा प्रश्न ग्रामसभेत मोठ्याने विचारला गेला पाहिजे. तो एकदा विचारला गेला की पुढच्या सभेला उत्तर तयार ठेवावे लागते.

साथ आल्यावरचा तपास वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. ई विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात, बहुधा सव्वा महिना; एचे साधारण चार आठवडे. म्हणजे आज पिवळा पडलेला माणूस ज्या पाण्याने आजारी पडला ते पाणी त्याने महिन्यापूर्वी प्यायलेले असते. आजचा नमुना प्रयोगशाळेतून निर्दोष येऊ शकतो, आणि तेवढ्यावर ‘पाण्यात दोष नाही’ असे जाहीर करून टाकणे ही नेहमीची चूक. त्याऐवजी रुग्णांची घरे गावाच्या नकाशावर मांडली जातात. ती एखाद्या वाहिनीच्या कडेने, एखाद्या विहिरीभोवती किंवा एकाच खानावळीच्या गिऱ्हाइकांत गोळा झालेली दिसली की शोध अर्धा संपतो. मग वाहिनीवरून पायी चालत जायचे आणि ती गटार ओलांडते त्या प्रत्येक जागी उकरून पाहायचे. गावातली जुनी वाहिनी कुठून गेली आहे हे कागदापेक्षा नळजोडणी करणाऱ्या प्लंबरला आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त ठाऊक असते. तपासाच्या पथकात त्यांना घेतल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

ए विषाणूची गोष्ट गेल्या दोन पिढ्यांत बदलली आहे. पूर्वी जवळजवळ प्रत्येक मुलाला तो पाच-सात वर्षांच्या आत गाठायचा, आजार सौम्य असायचा आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळायची. स्वच्छता सुधारलेल्या घरांतली मुले आता त्याच्या तावडीत न सापडता मोठी होतात, आणि ऐन तारुण्यात पहिल्यांदा लागण झाली की आजार जोरात येतो. लातूरला याचे विशेष महत्त्व आहे. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने गावोगावची हजारो मुले-मुली इथे शिकायला येतात, वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात, खानावळीत जेवतात; मुरुडसारख्या गावांतून रोज ये-जा करणारी वेगळीच. खानावळीच्या टाकीचे झाकण, स्वयंपाक्याचे शौचानंतर साबणाने धुतलेले हात, पाणीपुरीचे पाणी आणि बर्फ यांवर इतक्या मुलांचे आरोग्य अवलंबून असते. ए विषाणूवर चांगली लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. ई विषाणूवरची लस चीनने २०११ मध्ये मंजूर केली. आपल्याकडच्या लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. म्हणून मराठवाड्यात या दोन्ही विषाणूंना अडवणारी मुख्य गोष्ट आजही पाणी आणि साबण हीच आहे.

काविळीवर गावठी उपाय पुष्कळ चालतात. डोक्यावर ठेवलेली वनस्पतीच्या कांड्यांची माळ दिवसागणिक लांबत गळ्यात, मग पोटापर्यंत उतरते. कांड्या वाळून बारीक होतात, सैल गाठी ताणल्या जातात आणि माळ वाढते. काविळीचा तिच्याशी संबंध नसतो. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवतो. हाताला आधी लावलेल्या सालीच्या रसाने ते रंगते. नाकात रस ओतणे, डाग देणे हे प्रकार तर घातक आहेत. या उपायांवर लोकांचा विश्वास बसतो याचे कारण सरळ आहे: ए आणि ई यांचा रोगी काहीही न करता तीन-चार आठवड्यांत बरा होतो, आणि श्रेय माळेला जाते. लोकांना हिणवून हा विश्वास जात नाही. ‘माळ हवी तर घाला, पण आधी रक्त तपासा’ असे सांगणाऱ्या आशाताईंचे ऐकले जाते, आणि कावीळ उतरवणारे काही जण स्वतःच रोग्याला आधी दवाखान्यात धाडू लागतात. पथ्याचाही अतिरेक होतो. हळद पिवळी म्हणून बंद, तेल बंद, डाळ बंद, आणि दिवसभर उसाचा रस. रसवंतीतला बर्फ आणि तिथले पाणी कुठले, हे कुणी विचारत नाही. रोग्याला लागतो पुरेसा आहार, विश्रांती, दारूपासून पूर्ण दूर राहणे आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या किंवा काढे न घेणे. गुंगी, बडबड, नाका-हिरड्यांतून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या यांतले काहीही दिसले तर रात्र काढू नये.

दुसरी वाट रक्ताची. बी विषाणूचा माग अमेरिकेतल्या बरूच ब्लुमबर्ग यांना १९६५ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्ताच्या नमुन्यातून लागला. त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. लस १९८० च्या दशकाच्या आरंभी आली, पण आयात लस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणली आणि किंमत कित्येक पटींनी उतरली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतरही उत्पादक आले. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०११-१२ मध्ये देशभर पोचली.

या लसीचा सगळ्यात मोलाचा डोस जन्मल्यावर चोवीस तासांच्या आतला आहे. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी शंभरातली नव्वद आयुष्यभराची वाहक होतात. प्रौढपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण पाचाहून कमी असते. म्हणजे एका दिवसाच्या उशिराची किंमत चाळीस वर्षांनी मोजावी लागू शकते. हा डोस चुकतो तोही साध्या कारणांनी. बाळंतपण रात्री होते, लसीचा फ्रिज दुसऱ्या खोलीत कुलपात असतो, दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडावी की नाही असा संकोच वाटतो. कुपी फोडावी, असेच धोरण आहे. वाया गेलेल्या लसीची किंमत त्या बाळाच्या यकृतापुढे काहीच नाही. मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे तो ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास निघालेली जोडपी उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मधल्या काळातले बाळंतपण कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर किंवा वाटेतल्या दवाखान्यात होते. जन्माचा डोस राहतो, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलेंट (बीसह पाच रोगांवरच्या) लसीचे डोसही विखुरतात. टोळी निघण्यापूर्वी गर्भवतीची रक्ततपासणी करून कार्ड तिच्याच हातात देणे आणि ज्या भागात टोळी जाणार तिथल्या आरोग्य केंद्राला कळवणे, एवढे जिथे केले जाते तिथे ही बाळे सुटत नाहीत. आई बीबाधित निघाली तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यायचे असते, आणि विषाणूंचे प्रमाण जास्त असलेल्या आईला शेवटच्या तिमाहीत टेनोफोविरच्या गोळ्या सुरू करता येतात.

सुईचे वेड हा आपल्या समाजाचा जुना आजार आहे. अंगदुखीला सुई, अशक्तपणाला सलाईन. सुई न देणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटतो. गुजरातमधल्या मोडासा परिसरात २००९ च्या आरंभी बी विषाणूची भीषण साथ आली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने शेकडो लोकांना लागण झाली, अनेक दगावले आणि काही डॉक्टरांना अटक झाली. सरकारी लसीकरणात एकदा दाबली की निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्यापासून तिथली भीती संपली आहे. खाजगी दवाखान्यात मात्र पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगणे हा रोग्याचाच हक्क आणि त्याचेच काम आहे. गोळीने भागत असेल तर सुई नको, हे सांगण्याची हिंमत डॉक्टरांनीही दाखवली पाहिजे. बी विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून सलूनमधले ब्लेड दर गिऱ्हाइकाला नवे हवे, आणि जत्रेत एकाच सुईने दहा हातांवर गोंदणाऱ्याकडे पोरांनी जाऊ नये. सफाई कामगार आणि दवाखान्यातले मदतनीस यांना वापरलेल्या सुया टोचतात, पण लस देताना त्यांचा नंबर शेवटी लागतो. क्रम उलटा हवा.

रक्तदान शिबिरे लातूर जिल्ह्यात उदंड होतात: शिवजयंतीला, गणेशोत्सवात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची बी, सी, एचआयव्ही, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्यांत सीची चाचणी २००१ मध्ये सक्तीची झाली. खेड्यातल्या कित्येक तरुणांची आयुष्यातली पहिली हिपॅटायटिस चाचणी अशी नकळत झालेली असते. बाधित पिशवी नष्ट केली जाते, रक्त घेणारा वाचतो. देणाऱ्यापर्यंत निरोप पोचला पाहिजे, हे मात्र तितक्याच नेटाने होत नाही. फॉर्मवरचा मोबाइल नंबर अर्धवट असतो, फोन घरातला दुसराच कुणी उचलतो, किंवा ‘येऊन भेटा’ एवढ्यावर तरुण घाबरून येतच नाही. शिबिर भरवणाऱ्या मंडळाने पत्ता नीट लिहून घेतला आणि निरोप गुप्तपणे पोचेल अशी व्यवस्था रक्तपेढीशी बोलून ठेवली, तर रक्तदानाबरोबर रोगशोधाचेही काम होऊन जाते.

सी विषाणूवर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो. १९८९ मध्ये त्याचा शोध लागला. हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना त्याबद्दल २०२० चे नोबेल मिळाले. पूर्वीचा उपचार वर्षभराच्या इंजेक्शनांचा, त्रासदायक आणि बेभरवशाचा होता. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुविर आले तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी तेच औषध अत्यल्प किमतीत बनवायला सुरुवात केली. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर यांच्या रोजच्या गोळ्या बारा आठवडे घेतल्या की शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रोगी विषाणूमुक्त होतात. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत बी आणि सीची तपासणी व औषधे शासकीय रुग्णालयांत मोफत मिळतात, आणि २०३० पर्यंत सीचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. बोटाच्या थेंबावरची कार्डचाचणी गावातही होते. ती सकारात्मक आली तर विषाणू सध्या रक्तात आहे का हे पाहणारी आरएनए चाचणी करावी लागते, आणि गळती इथेच होते. कार्डचाचणी मुरुडला, दुसरी चाचणी लातूरला, औषध आणखी एका फेरीत. रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक फेरीला एक दिवस बुडतो. रक्ताचा नमुना माणसाऐवजी पुढे पाठवणे आणि महिन्याची औषधे जवळच्या रुग्णालयातून देणे, या दोन गोष्टींनी ही गळती थांबते.

कुणाला आधी तपासायचे याचा क्रमही ठरलेला आहे: गर्भवती, २००१ पूर्वी रक्त चढवलेले, डायलिसिसवरचे, थॅलॅसेमियाची मुले, वारंवार सुया घेतलेले, बाधितांच्या घरातली माणसे. घरातल्या माणसांची तपासणी हा सगळ्यात नाजूक टप्पा असतो. बीबाधित सुनेचे ताट वेगळे केले जाते, ठरलेले लग्न मोडते, नोकरीचा वैद्यकीय दाखला अडतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, बाळाला अंगावर पाजल्याने बी किंवा सी पसरत नाही. दाढीचे ब्लेड, नखे काढायचे यंत्र आणि दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा हवा. नवऱ्याची किंवा बायकोची चाचणी नकारात्मक आली तर बीच्या लसीचे तीन डोस घ्यायचे: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

बी विषाणू शरीरातून पूर्णपणे जाणे विरळा. प्रत्येक बाधिताला औषध लागतेच असे नाही. यकृताची स्थिती आणि विषाणूंचे प्रमाण पाहून टेनोफोविर किंवा एन्टेकाविर सुरू करतात, आणि सुरू केलेली गोळी मनाने बंद केली तर आजार अचानक उसळतो. सीच्या रोग्याची बरे झाल्याची खात्री गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा केलेल्या आरएनए चाचणीने होते. यकृत आधीच निबर झालेल्यांना, विषाणू गेला तरी, कर्करोग वेळीच सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी लागते. या तारखांची आठवण रोग्याला करून देण्याचे काम रुग्णालयाच्या संगणकापेक्षा गावातल्या आशाताई, बचत गटातल्या शेजारणी आणि औषध दुकानदार जास्त भरवशाने करतात.